सबनीसांच्या हॉलमधली यादवी

जिल्ह्यातल्या यादवी युद्धाच्या निर्णायक लढाया रघुवीर सबनीसांच्या हॉलमध्ये होत. किरकोळ चकमकी कुठेही उरकत, पण मोठ्या लढाईला हॉल ऐसपैस होता, आणि बायको गेल्यापासून तिथे दुसरं काही होतही नव्हतं.

दर रविवारी उगवतीचे आणि मावळतीचे असे दोन्ही पक्ष जिना चढून येत, बूट दाराबाहेर काढत आणि आपापल्या भिंतीला टेकून बसत. सबनीस सगळ्यांना चहा देत. कप रिकामे झाले की लढाई सुरू होई. दिवाणच्या लढाईत उगवतीच्यांनी अर्धा जिल्हा मिळवला आणि पुढच्याच रविवारी टीव्हीच्या कोपऱ्यात तो घालवून बसले. पारडं असं वर-खाली होत राहिलं, त्याला कारण स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी. जो पक्ष हरायला येई त्याच्यासाठी सबनीस ती हळूच काढून ठेवत. मग त्या पक्षाला मागच्या जिन्याने वळसा घालून पाठीवर येता येई.

त्यांना कुठल्याच पक्षाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना फक्त रविवार हवा होता. सोमवार ते शनिवार त्या घरात दुसरं कुणी खोकतसुद्धा नसे.

कप मात्र दर खेपेला कमी लागू लागले. उरलेले कप सबनीस फळीवर पालथे घालत आणि त्या फळीकडे बघायचं टाळत.

मावळतीचे हवालदार कोळपे बिनसाखरेचा चहा घेत. एका रविवारी ते कप ठेवायला स्वतःच आत आले आणि कडीकडे बघत उभे राहिले. आज त्यांचाच पक्ष हरायला आला होता.

"काका, आज कडी राहू द्या लावलेली."

"मग तुम्ही हराल."

"हरू. कुणीतरी जिंकायला हवं ना."

"आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे कोण येणार?"

कोळप्यांनी फळीवरच्या पालथ्या कपांकडे पाहिलं. "तसंही कोण उरलंय, काका?"

दुपारी मावळतीच्यांनी मागचं दार ढकललं. सबनीस आतून दाराला पाठ लावून उभे होते. "काका, दार," अशा ओळखीच्या आवाजातल्या हाका येत होत्या. सबनीसांना रडू फुटलं, पण त्यांनी कडी काढली नाही. थोड्याच वेळात हाका थांबल्या आणि युद्ध संपलं.

तह दिवाणवर बसून झाला. एरवी निघताना दोन्हीकडचे लोक "येतो, काका" म्हणत. त्या दिवशी कोळप्यांनी बुटाची नाडी बांधली, उठले आणि म्हणाले, "जातो." सबनीस "या" म्हणायला तोंड उघडून तसेच उभे राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं आणि मागच्या दाराची कडी काढली. फळीवरचे सगळे कप सुलटे करून भरले आणि दोन्ही भिंतींशी मांडले. एक बिनसाखरेचा वेगळा केला.