सर्वांचे हात वर

"संध्याकाळच्या सभेसाठी धूर विझवा," असा ग्राममुख्यांचा निरोप आला, तेव्हा ओक्युलिन गायींचे डास पळवणाऱ्या धुरावर सुक्या शेणाची दुसरी पाटी ओतत होती. तिने कंबर सरळ केली आणि निरोप आणणाऱ्या अन्फिसाबाईंना विचारले, की जुलै महिन्यात हारा-क्योल गावात धूर विझवायला सांगणाऱ्या माणसाचे डोके ठिकाणावर आहे का. अन्फिसाबाई शाळेत गणित शिकवत आणि गावच्या सभेत मते मोजत. डोक्याबद्दल कागदावर काही लिहिलेले नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

कागदावर होते ते असे. सभागृहाची लाकडी जमीन रंगवायला काढली होती, म्हणून सभा बाहेर, तळ्याकाठी, म्हणजे नेमकी धुराच्या जागेवर भरणार होती. विषय पहिला: धुराची जागा तळ्यापलीकडे हलवणे. पुढच्या उन्हाळ्यात उत्सवाला बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. त्यांना इथे गावाच्या नावाची पुरुषभर उंचीची लाल अक्षरे दिसावीत, त्यांनी अक्षरांपुढे उभे राहून फोटो काढावेत आणि त्यांच्या कपड्यांना शेणाच्या धुराचा वास लागू नये, अशी ग्राममुख्य स्पिरिदोनची इच्छा होती. स्पिरिदोन वसंतात शहरातून कसलेसे प्रशिक्षण घेऊन आला होता. तेव्हापासून गावात जे जे उपयोगाचे, ते ते त्याच्या डोळ्यांत खुपू लागले होते.

तळ्याला वळसा घालून पलीकडे जायचे म्हणजे पायी तासाभराची वाट, तीही दलदलीतून. ओक्युलिनचे वय एकसष्ट, उजवा गुडघा त्याहून म्हातारा, आणि गायी सहा. उन्हाळ्यात गायी आपणहून धुरापाशी येतात आणि तिथेच त्यांची धार काढायची असते. धूर नसला की डास गायीला उभीच्या उभी पितात आणि दुधाच्या जागी शेपटीचे फटकारे तेवढे मिळतात. दिवसातून दोनदा तळ्यापलीकडे जाणे ओक्युलिनला या जन्मी जमणार नव्हते. म्हणजे गायी सोडून द्यायच्या. नवरा जाऊन आठ वर्षे झाली होती, लेक शहरात होती, आणि सकाळी उठल्यावर ज्यांच्याशी चार शब्द बोलावे अशी जित्राबे तेवढी ही सहाच होती. ठराव येणार हे कळल्यापासून, म्हणजे आठवडाभर, त्या विचाराने तिला झोप नव्हती.

पण ती नुसती जागत बसली नव्हती. घरोघर फिरून, प्रत्येकाच्या पुढ्यात घुसळलेल्या सायीचा वाडगा ठेवून तिने गावाकडून शब्द घेतला होता. सगळ्यांनी साय चाटूनपुसून खाल्ली आणि विरोधात मत द्यायचे कबूल केले. तेव्हा तिने धुरावर पाणी ओतले ते तसे निर्धास्त मनाने.

सहा वाजता चोपन्न माणसे गवतात येऊन बसली. ऊन अजून डोक्यावर असल्यासारखे होते, वारा औषधालाही नव्हता. स्पिरिदोन खुर्चीवर उभा राहिला. त्याच्या टोपीवरून खांद्यापर्यंत जाळी आली होती, हातांत मोजे होते आणि अंगाला त्याने लिंबाच्या वासाचे काहीतरी फासले होते. तो पाऊण तास बोलला. पहिली वीस मिनिटे गोमाशांनी ऐकले, नंतर गवतातून डास उठले, आणि तो शेवटच्या वाक्यावर आला तेव्हा सभेवर करडी चादर अंथरल्यासारखे झाले होते.

"तर या ठरावाच्या बाजूने जे असतील, त्यांनी हात वर करावेत," स्पिरिदोन म्हणाला.

त्याच क्षणी कोणी कपाळावर थापटी मारली, कोणी कानावर, कोणी मानेवर. अन्फिसाबाई जाळीआडून पेन्सिलीने एकेक हात टिपत रांगेतून फिरल्या. न्युकुलाय आजोबा तर घोड्याच्या शेपटीची चवरी खांद्यावरून असे काही फिरवत होते, की त्यांचा हात खाली येतच नव्हता.

"आजोबा, खाली घ्या हात. तुम्हाला मोजलंय मी."

"खाली घेतला की मानेवर बसतात गं बाई. पुन्हा मोज हवं तर."

"मत एकच असतं," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. शेवटी त्या ओक्युलिनपाशी थांबल्या. ओक्युलिनच्या भुवईत एक डास रुतला होता आणि तिचा उजवा हात तिथे होता. बाईंनी टिपले. "चोपन्न. विरोधात विचारायला कोणी उरलेलं नाही. एकमताने मंजूर."

ओक्युलिन ताडकन उठली, गुडघ्याचे भान न ठेवता. "अरे, मी डास मारत होते."

"मावशी, हात वर होता की नव्हता?" स्पिरिदोनने विचारले.

"होता. पण..."

"मग झालं तर. हात कशासाठी वर गेला, हे नियमात विचारलेलं नाही."

तिने गावाकडे पाहिले. गाव तिच्याकडे पाहायला तयार नव्हते, कारण गाव खाजवत होते. आपल्या सायीचे वाडगे आठवून तिचा संताप संताप झाला. बाकीच्यांचे एक वेळ ठीक होते, पण आपल्या गायींविरुद्ध आपणच मत दिले, हे तिला काही केल्या गिळता येईना.

तेवढ्यात गायी आल्या. त्यांची धुराची वेळ झाली होती आणि सभेचा निरोप त्यांना कोणी दिलेला नव्हता. धूर दिसेना, तशा त्या हंबरत माणसांतच शिरल्या. ठिपकी गाय सरळ स्पिरिदोनच्या खुर्चीला अंग घासू लागली. तो वरून ओरडला, की सभा संपेपर्यंत इथे धूर होणार नाही म्हणजे नाही. ओक्युलिन लंगडत घराकडे गेली.

ती गेली आणि इकडे दुसरा विषय निघाला: अक्षरांच्या चौथऱ्यासाठी उन्हाळाभर दर रविवारी दगड वाहायला स्वखुशीने कोण येईल? चोपन्नातले त्रेपन्न हात वर होते आणि चोपन्नावा माणूस घरी गेला होता. गवतकापणीच्या दिवसांत आपण स्वखुशीने दगड वाहणार, हे कळताच पुरुषांचे चेहरे पडले. एकाने हात खाली आहे हे दाखवण्यासाठी तो मांडीखाली दाबून धरला, पण नाकावर गोमाशी बसल्यावर त्याचाही नाइलाज झाला.

ओक्युलिन परतली ती जुनी लोखंडी बादली घेऊन. आत शेणाचे निखारे होते, त्यावर ओले गवत आणि वर घट्ट झाकण.

"मावशी, धुराला बंदी आहे," स्पिरिदोन म्हणाला.

"धूर दिसतोय का कुठं? झाकलेल्या बादलीला बंदी आहे का हो, बाई?"

अन्फिसाबाईंनी कागद वरून खाली वाचला. बंदी नव्हती. ओक्युलिनने बोट ओले करून हवेत धरले. तळ्याकडून झुळूक म्हणावी इतपत काहीतरी सुरू झाले होते. तिने बादली त्या बाजूला ठेवली आणि झाकणावर हात ठेवून शेजारी उभी राहिली. शेवटचा विषय होता ऐन वेळचे विषय.

"माझा आहे एक," ती म्हणाली. "धुराची जागा इथंच राहावी. अक्षरं न्यावीत तळ्यापलीकडे, तिथनं ती लांबून छान दिसतील. आणि दगड ज्याला हौस असेल त्यानं वाहावेत."

"हे आत्ताच ठरलंय," स्पिरिदोन म्हणाला.

"नंतरचा ठराव आधीच्याला मागे टाकतो," अन्फिसाबाई म्हणाल्या. "बाजूने कोण?"

हात वर होतेच. फरक एवढाच, की या वेळी निम्मे लोक डास न मारताही हात धरून होते. न्युकुलाय आजोबांनी तर चवरी दुसऱ्या हातात घेऊन रिकामा हात वर केला. बाईंनी मोजले. चोपन्न. ओक्युलिनचा हात त्यात होता आणि या वेळी तो भुवईवर नव्हता.

स्पिरिदोन मात्र घाबरला नाही. त्याचे गणित सरळ होते: जे हात बाजूने वर आहेत, तेच विरोधातही वर असणार, मग ठराव बरोबरीत सुटेल आणि आधीचा कायम राहील. त्याने तोंडावरची जाळी वर सारली, म्हणजे आवाज शेवटपर्यंत पोहोचेल. "विरोधातही विचारा, बाई. नियम म्हणजे नियम. या ठरावाच्या विरोधात कोण आहे?"

ओक्युलिनने झाकण काढले.

दाट, पांढरा, ओळखीचा धूर बादलीतून लोळत निघाला आणि बसलेल्या माणसांवरून पसरत गेला. डास पडदा उचलावा तसे उठून गेले. बसलेल्या त्रेपन्न माणसांनी एकदम श्वास सोडला आणि एकशे सहा हात मांड्यांवर येऊन निवांत पडले. पंधरा दिवसांत गाव इतके स्वस्थ बसले नव्हते. गायी धुरात शिरून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

धुराबाहेर एकटा स्पिरिदोन उरला होता, उघड्या तोंडाने, खुर्चीवर, आणि गावाला सोडून गेलेले सगळे डास आता त्याच्याकडे वळले होते. त्याने स्वतःच्या गालावर सणसणीत मारली.

"विरोधात एक," अन्फिसाबाईंनी लिहिले. "ठराव मंजूर."

"तिने झाकण काढलं," स्पिरिदोन कळवळून म्हणाला. "बाई, तुमच्या डोळ्यांदेखत काढलं तिने."

"काढलं ना," ओक्युलिन म्हणाली. "पण हात कशामुळं खाली आले, हे नियमात विचारलेलं नाही."

गाव इतके हसले, की ठिपकीनेही डोळे उघडले. ओक्युलिनने पुढे होऊन ठिपकीच्या मानेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. आपल्या गायी आपल्याच राहिल्या, याहून मोठे तिला आयुष्यात काही जिंकायचे नव्हते.

सभा संपली, पण उठले कोणी नाही. अशी बसायला जागा गावात दुसरी नव्हती. स्पिरिदोनने जाळी खाली ओढली तर चारपाच डास जाळीच्या आतच राहिले. लिंबाचा वास घामाबरोबर केव्हाच उतरला होता. कागद गोळा करण्याच्या निमित्ताने तो खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून आला, मग टोपी काढून टोपीनेच स्वतःला वारा घातला, आणि शेवटी हळूहळू सरकत धुराच्या कडेला येऊन उभा राहिला. आत गायींची दाटी होती.

ओक्युलिनने ठिपकीच्या बरगडीला कोपर लावले. "सरक गं. साहेबांना जागा दे."

ठिपकी सरकली. स्पिरिदोन आत आला, दोनदा खोकला, डोळे पुसले. गावातले लोक मुद्दाम दुसरीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने तो खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मंद झालाय हो जरासा. अजून थोडं शेण घाला की."

ओक्युलिनने पाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.