खिडकीच्या कट्ट्यावरची तीनशे बारावी शाखा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरील कट्ट्यावर एका जपानी कॉफी कंपनीची तीनशे बारावी शाखा उघडली. कट्टा नऊ इंच रुंद व दीड फूट लांब आहे. मी पट्टी लावून मोजला. शाखेत सहा टेबले, चोवीस खुर्च्या आणि कॉफी गाळण्याचा लाकडी ओटा आहे. कशालाही धक्का लागलेला नव्हता. कट्ट्यावरचा कपसुद्धा जागच्या जागी होता.

त्या कपाविषयी लिहिणे भाग आहे. त्याचा कान तुटलेला आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या शेवंताबाईंना बावीस वर्षे मी त्यातूनच चहा दिला. वरून ओतून, पातेल्याचा स्पर्श कपाला होऊ न देता. त्या मागच्या पायरीवर बसून चहा पीत, कप स्वतः विसळीत आणि कट्ट्यावर पालथा ठेवीत. कपाटातल्या कपांत तो कधी मिसळला नाही. सांगलीतील आमच्या सोसायटीत तशी पद्धत होती. मी १९५८ची मॅट्रिक. पद्धतीचे कारण मला माहीत होते. उच्चारण्याची वेळ कधी आली नव्हती.

शाखेतून श्री. मोरिता नावाचे व्यवस्थापक बाहेर आले. खिडकीपाशी त्यांनी बूट काढले आणि ते कमरेत वाकले.

"आपणच कुमुदिनीबाई परचुरे?"

"हो. ही जागा आमची आहे. परवानगी कोणाची घेतलीत?"

"कपाची," ते म्हणाले. "आमची शाखा कुणी काढत नाही, बाई. एकाच माणसासाठी ठेवलेल्या कपाला वीस-बावीस वर्षे दुसऱ्या कुणी ओठ लावला नाही, की तिथे ती आपोआप येते. नेहमीच्या ग्राहकाचा कप वेगळा जपणे हा आमच्याकडे मोठा मान समजतात. जपानमध्येही अशी दुकाने आता थोडी उरली. आणि इथे, एका गृहिणीच्या घरी…" त्यांनी रुमाल काढला. "तुमच्या एका सोसायटीत आणखी तेरा शाखांची आम्हांला आशा आहे."

त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एकच रकाना होता : कप वेगळा ठेवण्याचे कारण. उत्तर चौकटीत घालून भिंतीवर लावायचे होते. मानाखेरीज दुसरे कारण निघाल्यास शाखा संध्याकाळपर्यंत आवरती घेतली जाईल, असे त्यांनी अदबीने सांगितले. मग ते ओट्याकडे गेले.

शेवंताबाई आत पहिल्या टेबलाशी बसल्या होत्या. आमच्या घरी बावीस वर्षांत मी त्यांना खुर्चीवर बसलेले पाहिले नव्हते. कान तुटलेला कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मी खिडकीतून हलकेच हाक मारली.

"शेवंता, यांचा गैरसमज झाला आहे. मला खरे कारण लिहायला हवे."

"मग ह्ये दुकान जाईल न्हवं?"

"जाईल."

"आन् ही खुर्ची?"

"तीही."

"मग लिवा की, मान हुता म्हनून."

"ते खोटे आहे, शेवंता."

"मला ठावं न्हाई व्हय, आक्का? पायरीवर कोन बसत हुतं, तुमी का मी?" त्यांनी कॉफीवर फुंकर घातली. "आन् मान ऱ्हाऊ द्या, तुमचा च्या बी पानचटच हुता. लिवा. अक्षर तेवढं ब्येस काढा."

मी 'आदर' असे लिहिले. माझ्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळाले होते. श्री. मोरिता यांनी ते दोनदा वाचले आणि पुन्हा वाकले.

पंधरवड्यात सोसायटीत तेरा शाखा उघडल्या. गोडबोल्यांच्या मोरीबाहेर, आपट्यांच्या जिन्याखाली, भाटवडेकरांच्या तुळशीमागे. सगळ्यांनी तोच शब्द लिहिला. इतकी झपाट्याची वाढ कंपनीने जगात कुठेच पाहिली नसल्याचे मुख्य कचेरीचे पत्र आले. ते फलकावर लावले आहे. आठ नंबरच्या कांबळे मास्तरांकडे मात्र शाखा आली नाही. त्यांनी कुणाला काही विचारलेही नाही. येता-जाता ते आमच्या खिडकीकडे पाहतात, तेव्हा मी पडदा ओढून घेते.

काल मी श्री. मोरितांकडे अर्ज घेऊन गेले. तो कप घरात, आमच्या कपांशेजारी ठेवण्याची परवानगी मागितली होती. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, इतक्या वर्षांचा मान आपण एका दिवसात मोडणार?"

"मला तो कप आत घ्यायचा आहे."

"नियमात बसत नाही," ते म्हणाले. "तो वेगळाच राहिला पाहिजे. आणि विसळायचाही, ज्यांनी तो वेगळा ठेवला त्यांनीच."

अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी परत केला.

दुपारी साडेतीनला शेवंताबाईंची कॉफी संपते. मी मागच्या पायरीवर बसून थांबते. मग कप विसळते आणि कट्ट्यावर पालथा ठेवते, त्या ठेवीत असत तसा.