सतरा नंबरची आजीबाई

“आज कोणी गेलं का?” बाबांनी पलंगावरूनच विचारलं.

“नाही,” खांद्यावरची बॅग काढत लेक म्हणाली. “सगळे ठणठणीत आहेत.”

दोघांचेही चेहरे पडले. शेजाऱ्यांनी हे ऐकलं असतं तर सरळ पोलिसांना बोलावलं असतं. पण विषय उंदरांचा होता. लेक विद्यापीठात पीएच.डी. करत होती. एका खास पिठावर वाढवलेले उंदीर इतर उंदरांपेक्षा जास्त जगतात का, एवढाच तिचा प्रश्न. उत्तर मिळायला उंदीर मरायला हवे होते, तेही आपल्या मरणाने. आणि मेले मरत नव्हते.

तिच्या शिष्यवृत्तीला अट होती. दरवर्षी प्रगती समाधानकारक दिसली पाहिजे, नाहीतर पैसे बंद. फाउंड्रीतल्या धुळीने बाबांची फुप्फुसं निकामी केल्यापासून घरभाडं आणि त्यांची औषधं त्या शिष्यवृत्तीवरच भागत होती. थोडक्यात, उंदीर जगले तर बाबांचं काही खरं नव्हतं.

“किती मेले?” शिष्यवृत्ती विभागातल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

“एकही नाही.”

“मग प्रगती शून्य.”

“पण मॅडम, ते जगतायत हीच तर प्रगती आहे.”

“तुमच्या आराखड्यात या वर्षी निम्मे मेलेले दाखवायचेत. ते मी कुठून आणू? महिनाअखेरपर्यंत बघा काय जमतंय ते.”

काय जमवायचं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

तिच्या सरांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आजवर त्यांना शोधलेलं काहीच सापडलं नव्हतं, स्वतःच्या चष्म्यासकट. “घाई करू नकोस,” ते म्हणायचे. “हे पीठ जग बदलणार आहे.” ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ ते दुधातून घ्यायला लागले. ते बघून लेकीनेही एक डबा भरून घरी नेला.

पिठाला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. बाबांनी पहिला चमचा तोंडात घोळवला आणि गिळला. “उंदरांना चालतं ना? मग मलाही चालेल.” त्या दिवसापासून ते वाटी चाटूनपुसून खात. धाप काही कमी झाली नाही, पण आशा लागली. तो रोग धापेपेक्षा वाईट.

महिना संपत आला आणि सतरा नंबरच्या उंदरिणीला पिल्लं झाली. सतरा नंबर म्हणजे सगळ्यांत म्हातारी. माणसाच्या हिशेबाने नव्वदी ओलांडलेली. सर पिंजऱ्यापाशी उभे राहून डोळे पुसत होते.

“नव्वदीत बाळंतपण,” ते म्हणाले. “पत्रकारांना बोलवा.”

हे ऐकून प्राणिघराचे काका मटकन स्टुलावर बसले. पिंजरे धुणं, दाणापाणी बघणं आणि उंदरांच्या शेपटीवरचे शाईचे पट्टे पुसट झाले की पुन्हा रंगवणं हे काकांचं काम. पांढरा उंदीर पांढऱ्या उंदरासारखाच दिसतो; कोण कितवा हे कळायला त्या पट्ट्यांशिवाय दुसरी खूण नव्हती.

“ताई, पत्रकार नको,” काका म्हणाले. “ही सतरा नंबर नाही. खरी सतरा नंबर मागच्या उन्हाळ्यातच गेली.”

“मग ही कोण?”

“तिच्या जागी आणलेलीही गेली, म्हणून ही पंधरवड्यापूर्वी पलीकडच्या पैदाशीच्या खोलीतून आणली. तेव्हाच पोटुशी असणार. मला मेल्याला कळलं नाही.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. आधीच्या नोकरीत काकांच्या हातून एक ससा दगावला आणि त्यांचा पगार कापला गेला. इथे पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं, एकही उंदीर कमी होता कामा नये. काकांनी शब्द पाळला. एक गेला की दुसरा आणायचा आणि त्याची शेपटी रंगवायची.

“असे किती बदललेत?” लेकीने विचारलं.

“सगळेच. काही तर दोनदा.”

काका उठले आणि त्याच स्टुलावर सर बसले.

“मेलेल्यांचं काय केलंत, काका?”

काकांनी फ्रीजरचा सगळ्यांत खालचा कप्पा ओढला. मेलेला उंदीर टाकायचा तर सरांची सही लागते, आणि सही मागायची तर उंदीर मेल्याचं सांगावं लागतं. म्हणून त्यांनी प्रत्येकाला त्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. शेपट्यांवर पट्टे होते, कागदांवर तारखा होत्या. लेक एकेक पुडी उलगडत गेली आणि तारखा वहीत मांडत गेली. सगळे अगदी इतर उंदरांसारखेच, वेळच्या वेळी मेले होते. पिठाने काडीचाही फरक पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती विभागातल्या बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

“सगळे मेले? अहो, मग आधी नाही का सांगायचं? ही तर उत्तम प्रगती.” त्यांनी शिक्का मारला. “आता पुढच्या वर्षी नवा नमुना दाखवा.”

ती घरी आली तेव्हा बाबांच्या हातात पिठाची वाटी होती.

“आज कोणी गेलं का?”

वाटभर तिने एक छान खोटं जुळवलं होतं. ते ऐनवेळी दगा देऊन गेलं.

“सगळे गेले, बाबा. केव्हाच गेले होते. या पिठाचा काही उपयोग नाही.” ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि तिला रडू आवरेना.

बाबा वाटीकडे बघत राहिले.

“शिष्यवृत्तीचं काय झालं?”

“चालू राहिली. पुढच्या वर्षी नवा नमुना दाखवायचाय.”

“मग मी आहे की. पीठ तर खातोच आहे.” त्यांनी पांघरुणातून पाय बाहेर काढला. “शेपूट नाही, त्याला इलाज नाही. अंगठ्यावर ओढ पट्टा.”

रडता रडता तिला हसू आलं. बाबांनी आणखी एक चमचा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि गिळला.

“फक्त प्रगतीची घाई करू नकोस.”