न लागलेल्या चंद्राचं प्रकरण

बाळांनो, कल्पना करा. डोळे मिटून करा, असं म्हणणार होतो. पण मग पुढचं वाचणार कसं? तर उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा, की समोर एक उंच, रुबाबदार, घारीच्या नजरेचा गुप्तहेर उभा आहे. हातात टॉर्च. पावलांचा आवाज नाही. आता त्याची उंची थोडी कमी करा. अजून थोडी. पोट जरासं वाढवा. पायांत फटफट वाजणाऱ्या चपला घाला. झालो मी तयार!

माझी कीर्ती तुमच्यापर्यंत पोचली नसेल, तर दोष कीर्तीचा. आमच्या इमारतीत कोणीतरी बेल वाजवून पळून जायचं. मी दबा धरून बसलो आणि पोस्टमनला रंगेहाथ पकडलं. बोट बेलवर, दुसऱ्या हातात पत्र. आणखी पुरावा कसला हवा?

तर हे प्रकरण नाटकाच्या हॉलमधलं. माझी भाची संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिची मुलगी मुंगी (वय आठ, प्रश्न ऐंशी) शाळेच्या नाटकात चंद्र झाली होती. पुठ्ठ्याचा भला मोठा चंद्र, त्याच्या भोकातून मुंगीचं तोंड बाहेर, आत दिवे. भाचीच्या प्रोग्रॅमने ते हळूहळू उजळायचे. पण प्रोग्रॅम हॉलच्या संगणकावर चढवला आणि चंद्र काही लागेना.

नाटकाच्या बाई आल्या. "अहो, चंद्र लागणार आहे की नाही? नसेल तर रात्रीचा प्रवेश गाळते. थेट सकाळ!"

मुंगीचा चेहरा पडला. तिचं नाटकात एकच वाक्य होतं आणि ते रात्रीचं होतं. सकाळी चंद्राला कोण विचारतो?

"मामाआजोबा, काहीतरी करा ना!"

मी टॉर्च रोखला. लावला नाही; मी तो कधीच लावत नाही. "हा बघा धागा! कळफलकावर बिस्किटाचा चुरा. गुन्हेगार भुकेला आहे!"

"मामा, तो आत्ता तुझ्या मिशीतून पडला," भाची म्हणाली.

मी तो धागा सोडून दिवेवाल्या काकांकडे वळलो. इतकी वर्षं दिवे हाताने लावणारा माणूस. त्याचं काम प्रोग्रॅमने पळवलं. कारण तयार!

"काल रात्री कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"बायको. पण तीही झोपलेली."

"दोघंही एकाच वेळी? संगनमत!"

"अहो, गुडघे धरलेत माझे. शिडी चढायला नको म्हणून मीच ताईंच्या मागे लागलो होतो, की एवढा प्रोग्रॅम करून द्याच."

मी त्यांना ताकीद देऊन सोडलं.

भाची संगणकाच्या पडद्यावरचं वाचत होती. "कारभारी अडून बसलाय."

"कोण कारभारी?" मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे नव्हता.

बाळांनो, हे नीट ऐका. मला समजायला वेळ लागला, तुम्हाला लागणार नाही. प्रोग्रॅम लिहिणारे सगळं स्वतःच लिहीत नाहीत. इतरांनी लिहिलेले तयार तुकडे आणतात. त्या तुकड्यांना आणखी तुकडे लागतात. ते सगळे आणून जागच्या जागी मांडणारा पॅकेज मॅनेजर संगणकात असतो. भाची त्याला कारभारी म्हणते. आता चंद्र हळूहळू उजळवणाऱ्या तुकड्याला हवं होतं जुनं घड्याळ, आणि दिव्यांशी बोलणाऱ्याला नवं. घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे, तोही एक तुकडाच. कारभाऱ्याचा जुना नियम असा, की एका घरात एकच घड्याळ. दोघं भांडले, की तो हात वर करतो आणि कोणालाच काही देत नाही.

"पण घरी कालच लागला होता!" भाची रडकुंडीला आली. "हाच प्रोग्रॅम, हेच तुकडे!"

"म्हणजे वाटेत कोणीतरी तो बदलला," मी गरजलो. "टॅक्सीवाला!"

"मामा, आपण चालत आलो."

"मग पिशवीत हलला असेल."

भाचीने माझ्याकडे पाठ फिरवली. थोर गुप्तहेरांच्या वाट्याला अशी पाठ नेहमीच येते.

तेवढ्यात चंद्र बोलला. "आई, परवा तू स्वयंपाकघरात नाचत होतीस ना? कारभाऱ्याला नवा नियम शिकवलास म्हणून. भांडण झालं, तर ज्याला त्याला आपापलं घड्याळ."

"हो गं. ती नवी सोय आहे, अजून प्रायोगिक. म्हणून आपणहून चालू करावी लागते. मी केली की चालू!"

"कुठे?"

"माझ्या लॅपटॉपवर..." भाची एकदम थांबली.

"मग इथल्या कारभाऱ्याला कोणी सांगितलं? आम्ही पकडापकडीत ठरवलं होतं, जिन्याला हात लावला की आउट नाही. समोरची मुलगी उशिरा आली, तिला कुणी सांगितलंच नाही. ती जिन्याजवळून पळत सुटली आणि आउट झाली. केवढी रडली!"

भाचीने कपाळावर हात मारला. नियम तिने स्वतःच्या लॅपटॉपला सांगितला होता, प्रोग्रॅमला नाही. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मांडणीत तिने एक ओळ लिहिली, म्हणजे तो जिथे जाईल तिथे नियमही सोबत जाईल. कारभाऱ्याने क्षणभर विचार केला, दोन्ही घड्याळं आणली, आणि मुंगीचं नाक हळूहळू पिवळं झालं.

"माझाही हाच संशय होता," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

"चला, रात्र होणार!" बाई ओरडत गेल्या.

मुंगी मात्र हलली नाही. "आई, प्रायोगिक म्हणजे काय गं?"

"म्हणजे बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, वापरून बघा, पण अजून पक्कं नाही. मध्येच बिघडूही शकतं. खरं तर आजच्या दिवशी आणायला मी घाईच केली."

"म्हणजे मी मध्येच विझेन?"

"नाही गं. बहुतेक नाही."

"बहुतेक," मुंगी म्हणाली, आणि तिने माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला. बटण दाबलं. काही झालं नाही. मागचं झाकण उघडलं.

"मामाआजोबा, यात सेलच नाहीत!"

"गुन्हेगार सावध होऊ नयेत म्हणून."

ती दिवेवाल्या काकांकडे गेली आणि त्यांच्या खोक्यातले दोन सेल मागून घेतले. टॉर्च एकदा माझ्या तोंडावर मारून पाहिला, मिशीत अजून चुरा आहे असं सांगितलं, आणि तो चंद्राच्या आत पोटाशी खोचून पडद्यामागे आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.