सातवी ‘ब’चे खचणारे खांब

निरीक्षण, तर्क आणि विनय या तिन्ही गुणांत हडपसर परिसरात माझा हात धरणारा कोणी नाही. गुप्तहेराने गर्दीत उठून दिसू नये म्हणतात. मी इतका दिसत नाही, की परवा स्वारगेटला कंडक्टरने मला तिकीटच विचारलं नाही. पुढच्या स्टॉपवर चेकरला मात्र मी बरोबर दिसलो. माझं नाव दिग्विजय धायरकर. धंद्याने झेरॉक्सवाला, बाण्याने गुप्तहेर. हे गुप्त राहू नये म्हणून दुकानावर तशी पाटीही लावली आहे.

माझी लेक श्रद्धा सातवी ‘ब’मध्ये आहे. गुरुवारी तिच्या मुख्याध्यापकांनी, श्रीनिवास सरांनी मला बोलावून घेतलं.

“तुम्हाला बोलवावं लागलं, यावरून परिस्थिती ओळखा,” ते म्हणाले.

मी नम्रपणे मान लववली.

प्रकरण असं होतं. माणूस दिवसाला किती तास मोबाइल बघतो, हे त्याचा फोनच सांगतो. मुलांनी आठवडाभर आपापल्या पालकांचे हे तास टिपले. वर्गाची मॉनिटर उम्मेहानी हिने ते इंटरनेटवरच्या एका तक्त्यात भरले. या तक्त्यात आकडा टाकला, की शेजारी तेवढ्या उंचीचा रंगीत खांब आपोआप उभा राहतो. वर्गशिक्षिका नम्रता बाईंनी कौतुकाने त्याची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि तेव्हापासून खांब खचायला लागले. सोमवारी सरासरी पाच तास होती, गुरुवारी चाळीस मिनिटं.

पालकांनी तक्रार केली, की पोरीने आकडे मनानेच भरलेत. शनिवारी शाळेच्या प्रदर्शनात हाच आलेख लागायचा होता. उद्यापर्यंत उलगडा झाला नाही, तर उम्मेहानीचा प्रकल्प बाद. ती कोपऱ्यात डोळे पुसत उभी होती. मला फार वाईट वाटलं. सरळ काम करणाऱ्यावर आळ आला, की माझं रक्त खवळतं.

एक किरकोळ गोष्ट सांगून टाकतो. श्रद्धाने माझ्या नावापुढे सहा तास लिहून दिले होते. ती उघड चूक होती, म्हणून सोमवारीच मी लिंक उघडून त्याचे चार केले. मंगळवारी शेजारचे बापूराव जगदाळे अचानक तीनवर दिसले, म्हणून मी अडीच केले. पुढेही अशाच दोन-चार दुरुस्त्या केल्या. पण त्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नाही.

मी भिंगाने संगणकाचा पडदा तपासला.

“सर, हे आकडे कुठे साठवतात?”

“क्लाउडवर.”

“मग गळती आहे.”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. “आज तरी आभाळ स्वच्छ आहे.”

दुसरा संशय संगणकाच्या आनंद सरांवर. ते खोलीतही काळा चष्मा लावून बसले होते.

“हा चष्मा कशाला?”

“मोतीबिंदू काढलाय.”

“कधी?”

“रविवारी.”

“म्हणजे गुन्ह्याच्या नेमक्या आदल्या दिवशी!”

“पुढचा डोळा तुम्हाला विचारून काढतो,” आनंद सर म्हणाले.

मग मला खरा धागा सापडला. सगळ्या आलेखात एकच खांब पहिल्या दिवसापासून तसूभरही हलला नव्हता. फैझल शेख, सात तास. उम्मेहानीचे वडील! चोर स्वतःच्या घरी चोरी करत नाही. मी लगेच फोन लावला.

“होतात की सात,” फैझलभाई म्हणाले. “दिवसभर रिक्षात नकाशा लावलेला असतो. कात्रजला स्टँडवर थांबलो की रील्स बघतो. आहे ते आहे.”

इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

“आणि हे बापूराव?” सरांनी बोट दाखवलं. त्यांचा खांब रेषेच्या खाली उतरला होता, उणे अर्धा तास.

“मोबाइल त्यांच्याकडे बघत असणार,” मी म्हणालो.

एवढ्यात शाळेच्या शिपाई मुक्ताई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “आमच्या हजेरीच्या मशीनमधी कोण कवा आलं ते समदं दिसतंय. ह्यात न्हाय व्हय दिसत?”

नम्रता बाईंनी कोपऱ्यातलं घड्याळाचं चित्र दाबलं. पडद्यावर यादी उघडली. कोणी, कधी, कशाचं काय केलं, सगळं नावानिशी. बाई मोठ्याने वाचायला लागल्या. “सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं. दिग्विजय धायरकर. सहाचे चार.”

वर्गात एक्केचाळीस मुलं. चाळीस घरांतून दुरुस्त्या झाल्या होत्या. मी एकटाच नव्हतो, एवढाच दिलासा. पण सुरुवात माझी होती.

“अभिनंदन,” श्रीनिवास सर म्हणाले. “गुन्हेगाराला तुम्ही स्वतःच्या पायांनी चालवत आणलंत.”

मला लाज वाटली. उम्मेहानीकडे बघवेना. “चुकलो, बाळा,” मी म्हणालो. तिने डोळे पुसले आणि संगणकासमोर जाऊन बसली.

शनिवारी प्रदर्शनात तिचा जुना आलेख मूळ आकड्यांसह लागला होता. शेजारी नवा होता, ‘कोणत्या पालकांनी किती वेळा आकडा बदलला?’ फैझलभाईंच्या जागी शून्य होतं. आनंद सर चष्मा काढून बघत होते. सर्वांत उंच खांब कोणाचा, हे ओळखायला तर्कशक्ती लागत नव्हती. अकरा वेळा.

“बाबा,” श्रद्धा हळूच म्हणाली, “याची लिंकपण ग्रुपवर टाकलीय. पण हा नुसता बघता येतो, बदलता येत नाही.”

मी कोपऱ्यात जाऊन फोनवर लिंक उघडून बघितली. खरंच येत नाही.