सरांनी तपासलेलं पाणी

माझे सासरे पाण्याला मार्क देतात. शंभरापैकी. एक घोट घेतात, या गालातून त्या गालात फिरवतात, छताकडं बघतात आणि निकाल सांगतात. नांदेडची गोदावरी एकसष्ट. "फर्स्ट क्लास हाय, पण काठावर." टँकरचं पाणी बावीस. "नापास. पालकाला बोलवा." बाटलीतल्या पाण्याला मार्क नाहीतच. "कॉपी करून पास झालेलं पाणी हाय ते. मी पेपरच तपासत न्हाई." लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा ते उदगीरहून मुद्दाम एसटीनं गेले, एका ओळखीच्या घरी ते पाणी चाखून आले आणि म्हणाले, "बत्तीस. प्रवासानं थकलंय बिचारं. पण एवढ्या लांबून आलं तर खरं. ग्रेस देऊन पास करू."

ते उदगीरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मलाही शिकवला. आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. मला हाताला धरून कॉलेजच्या प्रवेशाला लातूरला नेलं ते सरांनीच, आणि पुढं आपली मुलगीही दिली. सासऱ्याला मामा म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण तोंडातून सरच निघतं. तेही चारचौघांत मला 'जावईबापू, तुमी' म्हणतात आणि राग आला की 'ए, बाकावर उभा राहा!' शिकागोत राहणाऱ्या, पोट सुटलेल्या माझ्यासारख्या इंजिनिअरला हे ऐकून एकदा खरंच उठावंसं वाटलं होतं.

त्यांचा दुसरा आजार म्हणजे जिल्हा. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सरांनी वर्गात पेढे वाटले होते. तेव्हापासून ते उदगीरचा नंबर लागायची वाट बघून राहिलेत. सरकारला घाई नाही, पण सरांना आहे. म्हणून पत्त्यात ते 'जिल्हा उदगीर' असंच लिहितात. टपाल उशिरा आलं की म्हणतात, "जिल्हा नवा हाय. पोस्टाला सवय व्हायला टाइम लागंल."

तर अशा माणसाला आम्ही जहाजात बसवलं.

कल्पना माझ्या बायकोची, सुजाताची. उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं सरांनी उभ्या नोकरीत फळ्यावर काढली. ती एकदा डोळ्यांनी बघू देत, म्हणून तिनं एका छोट्या जहाजाची अभ्यास-सफर शोधली. सकाळ-संध्याकाळ व्याख्यान, मधल्या वेळात तळी. सासूबाईंनी फोनवरच नकार दिला. "नळाला कधी पाणी सुटंल नेम न्हाई. मी तिकडं तळी बघत हिंडू, आन् इकडं पाणी येऊन गेलं म्हंजे?" सुजाताला हॉस्पिटलातून सुट्टी मिळेना. उरलो मी.

सरांनी फोनवर एकच विचारलं. "त्या तळ्यातलं पाणी हातानं घेऊन पेता येईल का? नळाचं न्हाई म्हणून राहिलो मी. तळ्यातलं."

"येईल की सर," मी म्हणालो. जावई असल्यामुळं फार विचार केला नाही.

जहाजावर सगळे गोरे, सगळे रिटायर, सगळे अभ्यासू, आणि सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. पहिल्याच सकाळी आमच्या खोलीतली कचऱ्याची बादली गायब झाली. सरांनी ती शॉवरखाली ठेवून अंघोळ केली होती. अंगावरून पडलेलं पाणी फेकून देणं त्यांच्या धर्मात बसत नाही. ती भरलेली बादली घेऊन ते बैठकीच्या दालनात गेले आणि तिथल्या चार कुंड्यांना पाणी घालून आले. कुंड्यांतली झाडं प्लॅस्टिकची होती. दुपारपर्यंत गालिच्यात डबकं झालं. सफाईवाल्या बाईनं मला बोलावून दाखवलं. मी सरांना सांगितलं, तर ते तिच्यावरच उखडले. "मंग पाटी लावावी ना! झाड समजून माणूस माया करतंय."

व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत. शिकवणारी कॅरोल नावाची तिशीतली मुलगी होती. सर तिला 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. तिनं पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड थरांनी जमीन खरवडून ही तळी खणली. सरांनी हात वर केला. मला म्हणाले, "इचारा बाईला. खणलं ते ठीक. माती कुठं टाकली?"

मी विचारलं. कॅरोल आनंदानं लालच झाली. माती कुठं गेली, टेकड्या कशा झाल्या, हे सांगता सांगता जेवणाची वेळ टळली. दुर्बीणवाले आमच्याकडं रागानं बघू लागले. सर खूश. "पोरगी हुशार हाय. फक्त फळ्यावर लिहीत न्हाई."

शिकागोच्या नळाला मिशिगन तळ्याचंच पाणी येतं, त्यामुळं त्याचा निकाल आमच्या घरच्या नळावरच लागला होता. अठ्ठावन्न. "क्लोरीननं तोंड धुवून आलंय." ह्यूरॉन तळ्यात शिरल्यावर कॅरोलनं भोंग्यावरून सांगितलं, की आता उजव्या हाताला कॅनडाची हद्द. सर कठड्याकडं धावले. चहूकडं नुसतं पाणी. "कुठाय हद्द? दगड न्हाई, खूण न्हाई. मोजणी कुणी केली?" बराच वेळ शोधून त्यांनी उसासा टाकला. "पाण्यात देश पाडून राहिलेत, आन् आमचा साधा जिल्हा व्हईना."

त्याच दुपारी घोटाळा झाला. मी डुलकी काढत होतो. सरांनी घरून आणलेला तांब्या पायजम्याच्या नाडीला बांधला आणि कठड्यावरून ह्यूरॉनमध्ये सोडला. जहाज चालतं आहे, ही गोष्ट भूगोलाच्या मास्तरांनी हिशेबात घेतली नव्हती. तांब्याला पाण्यानं असा हिसका दिला, की नाडी तुटली आणि सासूबाईंच्या माहेरचा तांब्या कॅनडाच्या दिशेनं तळाला गेला. मी वर पोचलो तेव्हा सर एका हातानं पायजमा धरून उभे होते, आणि दोन खलाशी त्यांना कठड्यापासून मागं ओढत होते.

कप्तानानं आम्हांला बोलावलं. कठड्यावर ओणवं होणं हा जहाजावरचा मोठा गुन्हा. तो सभ्यपणे, पण स्पष्ट बोलला. पुढच्या तळ्यावर, म्हणजे सुपीरियरवर, रबरी होडीतून सगळ्यांना एका किनाऱ्यावर उतरवणार होते. साऱ्या सफरीत तळ्याच्या पाण्यापर्यंत पायी जाण्याची तेवढी एकच संधी. त्या होडीत सरांना जागा नव्हती.

मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं होतं, आता सर बाकावर उभं करतील. पण ते खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवायला आले नाहीत. ह्यूरॉनहून सुपीरियरला चढताना जहाजाला एका हौदात घालतात, मागचं दार लावतात, वरचं पाणी आत सोडतात, आणि अख्खं जहाज अलगद वर येतं. मोटार नाही, पंप नाही. एरवी या एका गोष्टीवर सर आठवडाभर बोलले असते. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "बघा तुमी. मला काय करायचं वर जाऊन?"

मग मात्र मी कॅरोलला गाठलं. कसंबसं समजावलं, की म्हाताऱ्याला फक्त ओंजळभर पाणी प्यायचंय. त्याच्यासाठीच एवढ्या लांब आलाय. ती कप्तानाकडं गेली. आत काय झालं माहीत नाही, पण बाहेर येऊन म्हणाली, "माती कुठं गेली हे मला आजवर एकाच माणसानं विचारलं. त्याला मी जहाजावर सोडून जाणार नाही. मात्र त्यांना सांग, दोरी नाही."

"न्हाई लावत दोरी," सर ताडकन उठून बसले. "लावायला तांब्या तरी कुठाय?"

किनारा गोट्यांचा होता. पाणी इतकं नितळ, की आतला प्रत्येक गोटा वेगळा मोजता यावा. पलीकडं काही नाही. तळं जाऊन आभाळालाच टेकलेलं. दुर्बीणवाले पक्षी बघत पांगले. सरांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात चार पावलं गेले. वाकले. आणि ओंजळ बुडवण्याआधीच थांबले.

"जावईबापू, बाईला इचारा. ह्याचा खालचा काठ कुठला?"

मी विचारलं. कॅरोलनं दूर पूर्वेकडं बोट दाखवलं. पाणी तिकडून खाली उतरतं, आपण आलो तिथून.

"तसं न्हाई ओ. आपला कुठला? आपण कुठून प्यायचं?"

माझं इंग्रजी बरं आहे. त्यावर माझं पोट चालतं. पण या प्रश्नाचं इंग्रजी मला जमेना. शेवटी एवढंच विचारलं, की पाणी कुठून प्यावं? ती म्हणाली, उकळल्याशिवाय पिऊच नये. पण प्यायचंच असेल तर कुठूनही.

"काय म्हणली?"

"कुठूनबी म्हणली, सर."

"पुन्हा इचारा."

पुन्हा विचारलं. कॅरोल बुचकळ्यात पडली. मग तिनं दोन्ही हात पसरून सगळा किनारा दाखवला.

सर पाण्याकडं बघतच बोलले. "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला तळं खणलं. माझ्या मायनं मातीच्या पाट्या वाह्यल्या त्याच्या. पुढं ते भरलं, आन् गावानं काठ वाटले. वरचा त्येंचा. जिथं ढोरं धुवायचे, त्याच्याबी खालचा आपल्या वस्तीचा. मी घरात लई भांडायचो. माय म्हणायची, पाणी तेच हाय रे, येडा का तू. मी म्हणायचो, न्हाई. चव वेगळी असणार. उगं का वरचा घेतला त्येंनी?"

"मग चाखलं का वरचं कधी?"

"कोण चाखू देतंय? आन् माझी नोकरी लागून कुणाला न इचारता जायची हिंमत आली, तवर तळं गाळानं भरलं. माय बी गेली."

त्यांनी ओंजळ भरली. प्याले. गालात फिरवलं नाही, आभाळाकडं बघितलं नाही. नुसते प्याले. दहाएक पावलं सरकले आणि परत वाकून प्याले. पुन्हा सरकले. पाणी बर्फासारखं गार, त्यांची बोटं लाल झालेली, सदरा पुढून भिजलेला. जहाजावरून परत निघायचा भोंगा वाजला. दुर्बीणवाले होडीत जाऊन बसले आणि घड्याळं बघू लागले. मी हाक मारणार होतो, पण कॅरोलनं माझा दंड धरला.

किनारा जिथं खडकाला भिडतो तिथवर सर गेले. तिथलंही पाणी प्याले. मग वळून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो खणखणीत आवाज काढून ओरडले, "तेच हाय! तेच हाय गं माय, सगळीकडून तेच हाय!"

कॅरोलला वाटलं, ते तिलाच काहीतरी म्हणतायत. तिनं हसून हात हलवला.