फरशीवर ठेवलेल्या डब्याबाबत

माणूस मातीपासून जितका दूर जातो तितका तो सुधारतो, हे सर्वमान्य आहे. त्या दृष्टीने ही इमारत फारच सुधारलेली होती. मागच्या अंगणात पूर्वी माती होती. मातीचा चिखल होई, चिखलाची पावले जिन्यात उमटत आणि कोण किती वाजता घरी आले हे सगळ्यांना कळे. म्हणून एकमताने ठराव करून अंगणभर फरशी घालण्यात आली. दोन झाडे होती, ती पाने गाळतात असे सिद्ध झाल्यामुळे काढून टाकली. (झाडांना बाजू मांडायला पंधरा दिवस दिले होते. ते त्यांनी पाने गाळण्यात घालवले.) अंगण इतके स्वच्छ झाले की तिथे कुणी जाईनासे झाले.

तिसऱ्याच वर्षी नगरपालिकेचे पत्र आले की यापुढे ओला कचरा उचलला जाणार नाही, ज्याने त्याने आपल्या आवारात त्याची माती करावी. इमारतीने तातडीची सभा घेतली आणि माती तयार करण्यासाठी समिती नेमली. माती घालवायलाही समितीच होती, त्यामुळे अनुभव दांडगा होता.

समितीचे प्रमुखपद आवक-जावक यांच्याकडे गेले. हे त्यांचे नाव नव्हे, पण खरे नाव आठवायला आता त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावे लागे. चौतीस वर्षे ते हेडक्लार्क होते. या बाजूने आलेला कागद नोंदवायचा, त्यावर ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारायचा आणि त्या बाजूने पाठवून द्यायचा. हे काम त्यांनी अशा निष्ठेने केले की एकही कागद त्यांच्या टेबलावर मुक्कामाला राहिला नाही. पुढे त्या कागदांचे काय झाले हे त्यांनी कधी विचारले नाही. विचारणे त्यांच्या कामात बसत नव्हते.

नेमणुकीची बातमी त्यांनी घरी सांगितली तेव्हा बायको बटाटे सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “चौतीस वर्षं नुसतं पुढे पाठवलंत. एक तरी गोष्ट तुमच्या हातून पुरी झालेली मला दाखवा.”

ती हे रागाने म्हणाली नव्हती, साले गोळा करता करता सहज म्हणाली होती. सहज म्हटलेलेच लागते. आवक-जावकांनी त्या दिवशी चहा निम्माच घेतला. वार्षिक सभा सहा महिन्यांवर होती. त्या सभेत बादलीभर खत ठेवायचे, आपल्या हातचे, पुरे झालेले, असे त्यांनी मनाशी ठरवले. तोवर खत झाले नाही तर अंगणातला खताचा डबा हलवून ती जागा तळमजल्यावरच्या दंतवैद्याच्या दुसऱ्या गाडीला द्यावी, असे ठरावात नमूद होते. (‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण मुळात खतासाठीच केलेली असावी.)

डबा आला. हिरवा, कमरेइतका उंच, बुडाला भोके असलेला. पाण्याचा उतार कुठे आहे हे न बघता, परंतु भिंतीशी अगदी समांतर, तो फरशीवर ठेवण्यात आला.

कार्यपद्धती पहिल्याच आठवड्यात ठरली. सालींसाठी नमुना अ, देठांसाठी नमुना ब, आणि साल की देठ हे ज्यांचे त्यांनाच माहीत नाही अशांसाठी नमुना क. अर्ज तीन प्रतींत. स्वीकारण्याची वेळ सकाळी नऊ ते दहा (सुट्टीच्या दिवशी सालींनी घरीच थांबावे). पहिल्या महिन्यात एकेचाळीस घरांतून तीनशे बारा अर्ज आले. सात फेटाळले गेले, त्यांत चार कोबीचे होते. दुधाच्या चहाचा चोथा चालेल का, या प्रश्नावर उपसमिती बसली. तिने तीन बैठका घेतल्या, आणि बैठकांतल्या चहाचाच चोथा साचल्यामुळे मुदतवाढ मागितली.

भिंतीपलीकडे शाळेची बाग होती आणि बागेत माळीणबाई. तिने भिंतीवरून डबा बघितला, मग फरशी बघितली.

“काका, गांडुळं येणार कुठून? लिफ्टनं?” तिने विचारले. “बुडाला चार घमेली माती घाला. आणि ओल्या थरावर दर वेळी कोरडं काहीतरी टाका. पाला, कागद, काहीही.”

आवक-जावकांनी तिला ही सूचना लेखी द्यायला सांगितले. तिच्या हातात तेव्हा पाण्याचा पाइप होता. तेव्हा सूचना ‘तोंडी’ या सदरात नोंदवून प्रकरण बंद करण्यात आले.

ओल्यावर ओले पडत गेले. सहाव्या आठवड्यात डब्याने आपले मत व्यक्त केले. ते जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचले. बुडातून काळे पाणी निघाले आणि उताराने शिस्तीत दंतवैद्याच्या दाराशी गेले. दंतवैद्याचे हाल कुत्रा खाईना. खुर्चीतला पेशंट तोंड उघडी आणि वास येई. पेशंटला वाटे डॉक्टरांचा, डॉक्टरांना वाटे पेशंटचा, आणि दोघेही सभ्य असल्यामुळे कुणी काही बोलत नसे. एका बाईंनी तर भीतीपोटी चांगला दात काढून घेतला.

एका आठवड्यात त्रेसष्ट तक्रारी आल्या. दंतवैद्य रोज लिही, जाड कागदावर. समितीने डब्याला कारणे दाखवा नोटीस बजावली. डब्याने मुदतीत खुलासा केला नाही, उलट गळती वाढवली. सभेला साडेतीन महिने उरले असताना दंतवैद्य फीत घेऊन अंगणात आला आणि दुसऱ्या गाडीची लांबी मोजून गेला.

त्या संध्याकाळी आवक-जावक तक्रारींच्या गठ्ठ्यापुढे बसले. एकच गोष्ट पुरी करायची होती, तीही नासली होती. त्यांना रडू येत होते. ते दाबण्यासाठी त्यांनी गठ्ठ्याला पृष्ठक्रमांक द्यायला घेतले.

बायकोने गठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “माळीणबाई कोरडं काहीतरी टाका म्हणाली होती ना?”

“घरात कोरडं आहे काय?”

“हे काय ओलं आहे?”

“हे रेकॉर्ड आहे.”

“तेच म्हणते,” ती म्हणाली. “याच्याइतकं कोरडं मी आजवर काही बघितलं नाही.”

आणि तिने वरचीच तक्रार उचलून त्यांच्या हातात दिली.

चौतीस वर्षांत त्यांनी कागद कधी फाडला नव्हता. पहिला त्यांनी पट्टी लावून फाडला. दुसरा नुसत्या घडीवर. पाचव्यापासून मजा येऊ लागली आणि ते स्वतःशीच लाजले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून चार घमेली माती आली (पावतीशिवाय). डबा उपसून बुडाला ती घातली, आणि मग थर सुरू झाले. ज्या सालीचा अर्ज, तो त्याच सालीवर. नमुना अ गेला, ब गेला, क गेला, उपसमितीचा अंतरिम अहवाल गेला. फाडलेल्या कागदांची नोंदवही त्यांनी ठेवली होती, शेवटी तीही गेली. पंधरा दिवसांत वास मेला. गांडुळे मातीतून आली आणि अर्ज न करता कामाला लागली.

इथेच घात झाला. वास गेला तशा तक्रारीही गेल्या, आणि कोरड्याचा दुष्काळ पडला. आवक-जावक दंतवैद्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, की डॉक्टर, काहीतरी तक्रार करा. सगळे छान असताना कशाबद्दल करू, असे दंतवैद्य म्हणाला. तेच लिहा, असे त्याला सांगण्यात आले. सगळे छान असल्यामुळे पेशंट उगाच बसून राहतात, असे त्याने चार पाने भरून लिहिले. लिहिताना त्याला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन आला.

मग परिपत्रक निघाले. प्रत्येक घराने आठवड्याला किमान दोन तक्रारी द्याव्यात, प्लास्टिकच्या पाकिटात देऊ नयेत. लोक लिहू लागले. लिफ्टवर लिहिले, कबुतरांवर लिहिले, जावयांवर लिहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी धाकट्या जाऊबाईंवर चाळीस पाने दिली, तेव्हा डब्याची उष्णता एका दिवसात इतकी वाढली की झाकणातून वाफ आली. इमारतीतली भांडणे थांबली. सगळ्यांचे मन मोकळे झाले होते आणि सगळ्यांचे म्हणणे कुजत होते.

वार्षिक सभेत टेबलावर बादली आली. काळेभोर, भुसभुशीत खत. दंतवैद्याने वाकून वास घेतला आणि त्याला काहीच वाईट सापडले नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतला. सेक्रेटरींनी मात्र प्रश्न काढला, की हे खत रीतसर झाल्याचे रेकॉर्ड कुठे आहे? आवक-जावकांनी मूठभर उचलून समोर धरले. त्यात बोटाएवढा एक कपटा शिल्लक होता आणि त्यावर निम्मा शिक्का होता. सेक्रेटरींचे समाधान झाले.

मग कुणीतरी विचारले, हे घालायचे कुठे? सगळ्यांनी खिडकीतून बघितले. सगळीकडे फरशी होती. एकमताने असे ठरले की बादली नगरपालिकेकडे पाठवावी. सोबतचे पत्र आवक-जावकांनीच लिहावे, कारण ‘पुढील कार्यवाहीसाठी’ हे शब्द त्यांच्याइतके सुंदर कुणाला काढता येत नाहीत.

आवक-जावकांनी पेन घेतले. टोपण काढले. मग टोपण लावून खिशात घातले, बादली उचलली आणि अंगणात गेले. भिंतीपलीकडून पहार मागून घेतली आणि डब्याशेजारची एक फरशी उखडली. खाली माती होती. ती कुठेच गेली नव्हती. तिच्यावर त्यांनी बादली रिती केली.

नवव्या दिवशी तिथे एक कोंब वर आला. बायकोने सोललेल्या बटाट्याच्या सालीचा एक डोळा कुजायचा राहून गेला होता. ती उकिडवी बसली, बोटाने माती जरा सारखी केली आणि म्हणाली, “हं. हे पुरं झालं.” आवक-जावकांना रडू आले. या वेळी त्यांनी कशालाही पृष्ठक्रमांक दिले नाहीत.

उखडलेल्या फरशीच्या चौकशीसाठी समिती नेमली आहे. तिचा अहवाल उत्तम कुजतो आहे.

राहता राहिले वाचक. आपण इथवर आलात, दोन ठिकाणी हसलात, आपल्या ओळखीतला एक आवक-जावक आपल्याला आठवला. आता हे आपण त्याला पुढे पाठवाल, आणि सकाळच्या सालींच्या पिशवीला गाठ मारून ती दाराबाहेर ठेवाल. हरकत नाही. आपली आवक नोंदवली आहे. जावकेचा शेरा आपल्याला पाठ आहेच.